धिंगरीच्या गोड वड्या घरी करा, पण खाऊ म्हणूनच विका



भाताची झोडणी उरकली की भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यात घराघरापुढे पेंढ्याच्या गंजी उभ्या राहतात. थोडा पेंढा जनावरांना जातो, थोडा विकला जातो आणि उरलेला पुढच्या पावसात कुजतो. याच पेंढ्यावर धिंगरी अळिंबी, म्हणजे आपण ज्याला मश्रूम म्हणतो ते, चांगले येते हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण गेल्या काही दिवसांत बचत गटांच्या बैठकांमध्ये एक नवाच प्रश्न कानावर येतो. मोबाईलवर 'मश्रूमच्या गमी' दाखवतात, शहरात त्या महागड्या डब्यांतून विकल्या जातात. मग आपल्याला त्या घरी करता येतील का?

उत्तर सरळ आहे. करता येतील. त्यासाठी कारखाना लागत नाही, चूल, पातेले आणि ताट पुरते. पण त्या कशाच्या करायच्या आणि काय सांगून विकायच्या, या दोन गोष्टींत चूक झाली तर पैसा जाईल आणि प्रसंगी जीवही जाईल. म्हणून कृतीआधी थोडे समजून घेऊ.

गमी म्हणजे काय?

गमी म्हणजे दाताखाली चिवट लागणारी जेलीची गोळी. परदेशात अळिंबीचा अर्क घालून अशा गोळ्या करतात. त्यात बहुधा तीन अळिंब्यांची नावे असतात. पहिली रेशी म्हणजे गॅनोडर्मा, दुसरी लायन्स मेन आणि तिसरी कॉर्डिसेप्स. स्मरणशक्ती, झोप, ताकद, प्रतिकारशक्ती अशा अनेक गोष्टींचे दावे डब्यावर असतात. प्रयोगशाळेत या अळिंब्यांवर पुष्कळ काम झाले आहे हे खरे. पण प्रयोगशाळेतल्या अर्काचा गुण साखरेच्या गोळीत तेवढाच उतरतो असे मुळीच नाही.

गॅनोडर्मा लाकडाच्या भुश्श्यावर येते, त्याला उष्ण हवा लागते, काढणीला महिने जातात आणि चव कडू असते. कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस बरणीत तांदळावर वाढवतात. त्याला निर्जंतुकीकरणाची यंत्रणा आणि वीस अंशांच्या आसपास थंड ठेवलेली बंद खोली लागते. हिमालयात उंचावर मिळणारी कीडाजडी ती ही नव्हे. दोन्ही एकाच गणातल्या म्हणाव्यात इतकेच. आपल्या पडवीत, आपल्या पेंढ्यावर, कमी खर्चात येणारी अळिंबी एकच, ती म्हणजे धिंगरी. म्हणून आपली गमीही धिंगरीचीच असावी.

धिंगरीच का?

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवून दाखवली. तेव्हापासून ही अळिंबी देशभर पसरली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचा प्रकल्प आहे आणि तेथे प्रशिक्षणही दिले जाते.

धिंगरीत वाळल्या वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा प्रथिने असतात. चोथा भरपूर, स्निग्धांश कमी. बीटा ग्लुकान नावाचा जो घटक महागड्या अळिंब्यांच्या जाहिरातीत असतो, तो धिंगरीतही आहे. शिवाय धिंगरीत अर्गोस्टेरॉल असते. अळिंबी उन्हात वाळवली की त्याचे जीवनसत्त्व 'ड' मध्ये रूपांतर होते. म्हणजे उन्हात वाळवणे हे नुसते टिकवणे नाही, त्यात भर घालणेही आहे.

धिंगरीचा मोठा दोष म्हणजे ती नाशवंत आहे. ताजी धिंगरी साध्या हवेत एक दिवस, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तग धरते. वेल्ह्याच्या आतल्या गावातून किंवा हिर्डोशी खोऱ्यातून पुण्याच्या मार्केट यार्डात माल पोहोचेपर्यंत त्याचा चेहरा उतरतो, आणि व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. खरी गोम इथे आहे. वाळवण आली की हा दबाव जातो. गमी ही त्या वाळवणाची एक वाट आहे, एकमेव नव्हे.

पेंढा ते वाळवण

लागवडीची पद्धत थोडक्यात अशी. त्याच हंगामातला, न भिजलेला, सोनेरी पेंढा घ्यावा. दोन-तीन इंचांचे तुकडे करून थंड पाण्यात दहा-बारा तास भिजवावे. पाणी निथळल्यावर ८० अंश तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवावे. अंदाजाने नको, साधा तापमापक विकत घ्यावा. औषधी पाण्यात बुडवून निर्जंतुक करण्याचीही पद्धत आहे, पण खाऊ करायचा तर गरम पाण्याचीच पद्धत वापरावी.

पेंढा निथळून गार झाला की प्लास्टिकच्या पिशवीत थर देऊन भरावा आणि प्रत्येक थरावर कडेने स्पॉन म्हणजे अळिंबीचे बी पसरावे. एक किलो वाळल्या पेंढ्याची पिशवी ओली तीन किलोच्या आसपास भरते. तिला दोन टक्क्यांप्रमाणे ६० ग्रॅम स्पॉन पुरते. पिशवीला टाचणीने पंचवीस-तीस भोके पाडावी आणि ती अंधाऱ्या खोलीत २५ ते २८ अंशांत ठेवावी. पंधरा-अठरा दिवसांत पेंढा पांढऱ्या बुरशीने बांधला जातो. मग पिशवी कापून काढावी, खेळती हवा व थोडा उजेड द्यावा, गोणपाट ओले ठेवावे आणि दिवसातून दोन-तीन वेळा बारीक फवाऱ्याने पाणी मारावे. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत पहिली तोडणी मिळते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन तोडण्या होतात. दिवाळीनंतर माघ-फाल्गुनापर्यंतचा काळ आपल्याकडे सर्वांत सोयीचा. भर पावसाळ्यात ओलावा फुकट मिळतो, पण माश्या आणि हिरवी बुरशी वाढते. दारे-खिडक्यांना बारीक जाळी लावावी. हिरवी पडलेली पिशवी लगेच बाहेर नेऊन पुरावी. अळिंबीवर कीटकनाशक मारू नये.

तोडणी कडा वर वळायच्या आधी करावी. उशीर झाला की बीजाणूंची पांढरी धूळ उडते. बंद खोलीत रोज ती नाकात गेली तर खोकला आणि दमा लागतो. म्हणून खोलीत जाताना तोंडाला फडके किंवा मास्क बांधावा.

तोडलेली अळिंबी धुऊ नये. देठाचा पेंढा लागलेला भाग कापून उभ्या चिरा कराव्यात आणि जाळीखाली स्वच्छ कापडावर, पापुद्र्यांची बाजू वर करून, कडक उन्हात पसरावी. दोन-तीन दिवसांत ती वाळते. ऊन नसेल तर ड्रायरमध्ये ४५ ते ५५ अंशांवर वाळवावी. तुकडा वाकवला तर 'कट्' असा तुटला पाहिजे. वाकला तर अजून ओल आहे. आपल्याकडच्या दमट हवेत वाळवण उघडे राहिले तर तासाभरात पुन्हा नरम पडते, म्हणून गार होताच हवाबंद बरणीत भरावे.

आता हिशेब पाहा. एका पिशवीतून सगळ्या तोडण्या मिळून ५०० ते ६०० ग्रॅम ताजी धिंगरी धरावी. वाळली की ती दहावा हिस्सा राहते, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गमीची कृती

शहरी गमीत बहुधा जिलेटिन असते. ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. आपल्याकडे उपासाचे, माळकरी लोक घेणार असतील तर जिलेटिन नको. त्याऐवजी समुद्री शेवाळापासून केलेले अगर-अगर वापरावे, ज्याला दुकानात चायना ग्रास म्हणतात. त्याचा आणखी एक फायदा आहे. जिलेटिनची गोळी चैत्र-वैशाखाच्या उन्हात वितळते, अगरची वितळत नाही.

साहित्य असे: वाळलेली धिंगरी ५० ग्रॅम, पाणी १ लिटर, जांभूळ, करवंद किंवा आवळ्याचा गाळलेला रस २०० मिलिलिटर, साखर किंवा गूळ २५० ग्रॅम, अगर पावडर १० ग्रॅम, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ.

१) धिंगरी पाण्यात तासभर भिजवून त्याच पाण्यात मंद आचेवर दीड तास उकळावी. पाणी आटून २०० ते २५० मिलिलिटर राहिले पाहिजे. अळिंबीच्या पेशींची भिंत चिवट असते. उष्णतेने ती सैल होते, तेव्हाच आतला अंश पाण्यात उतरतो. कच्ची पूड घातली तर गोळी खरखरीत लागते आणि पचतही नाही.

२) काढा स्वच्छ कापडातून पिळून गाळावा. चोथा फेकू नये. तो थालीपिठाच्या पिठात किंवा भाजीत घालावा.

३) गार झालेल्या काढ्यात अगर पावडर कालवून दहा मिनिटे ठेवावी. मग सतत ढवळत उकळी आणावी आणि दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे. अगर पूर्ण विरघळल्यावरच साखर घालावी.

४) साखर विरघळली की पातेले खाली उतरावे आणि मगच फळाचा कोमट रस व लिंबू घालावे. आंबट रसाबरोबर अगर उकळले तर त्याची पकड सुटते आणि गमी धरत नाही. बहुतेकांची पहिली खेप इथेच बिघडते.

५) तूप लावलेल्या ताटात अर्धा इंच जाडीचे ओतावे. तासाभरात घट्ट होते. चौकोनी लहान तुकडे कापावे. साधारण १०० होतात. साखरेत घोळवून जाळीखाली एक-दोन दिवस वाळवले की वरून पापुद्रा धरतो आणि आत मऊ राहते.

अशी गमी फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस राहते. बाहेर ठेवली तर दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरू शकते, कारण त्यात पाणी जास्त आणि साखर कमी असते. म्हणून ही कृती घरच्यासाठी किंवा त्याच दिवशी विकायच्या मालासाठी समजावी.

टिकाऊ हवी तर पेरूची वडी

विकायचे असेल तर माझा सल्ला पेरूच्या वडीचा आहे. पेरूत पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे अगर लागतच नाही. पिकल्या पेरूचा बिया काढलेला गर १ किलो, साखर ७५० ग्रॅम, दोन लिंबांचा रस, दोन चमचे तूप आणि बारीक चाळलेली धिंगरीची पूड ३० ग्रॅम घ्यावी. पूड आधी वाटीभर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून घ्यावी. मग गर, साखर आणि शिजवलेली पूड एकत्र आटवावी. मिश्रण पातेल्याची कड सोडून गोळा होऊ लागले की लिंबू व तूप घालून ताटात थापावे, दुसऱ्या दिवशी वड्या कापून दोन्ही बाजूंनी वाळवाव्यात आणि बटर पेपरमध्ये गुंडाळाव्यात. नीट आटवलेली वडी कोरड्या डब्यात काही आठवडे टिकते. राजगड-तोरण्याला येणारे ट्रेकर, बनेश्वरचे पर्यटक आणि कापूरहोळ, नसरापूरकडच्या महामार्गावरचे ढाबे हे तिचे गिऱ्हाईक. गड चढताना खिशात टाकायला ती सोयीची आहे.

एका गमीत असते किती?

आता मघाचा आकडा आठवा. ५० ग्रॅम वाळलेल्या धिंगरीच्या १०० गमी, म्हणजे एका गमीमागे अर्धा ग्रॅम. ताज्या हिशेबात पाच ग्रॅम. त्यातलाही सगळा अंश काढ्यात उतरत नाही. आपण जेवताना वाटीभर धिंगरीची भाजी खातो तेव्हा सहज १०० ग्रॅम ताजी अळिंबी पोटात जाते. तेवढ्यासाठी किमान वीस गमी खाव्या लागतील, आणि वीस गमींबरोबर ५० ग्रॅम साखर जाईल, म्हणजे जवळपास दहा चमचे! जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा तेवढ्यातच संपते.

तेव्हा 'रोज दोन गमी खा, साखर उतरेल, सांधे मोकळे होतील' असे सांगणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. मधुमेहाच्या माणसाला तर ती अपायच करील. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी गॅनोडर्मासारख्या अर्काची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अगदी लहान मुलांना चिवट गोळी घशात अडकण्याचा धोका असतो, त्यांना देऊच नये.

कायदाही स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ नुसार खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कर्करोग, मधुमेह असे आजार बरे होतात अशी जाहिरात करण्याला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. आरोग्यपूरक म्हणून माल विकायचा तर त्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत. बचत गटाने त्या फंदात पडू नये. आपली वडी साधा गोड खाऊ म्हणून विकावी. विक्रीआधी अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करावी. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तयार केल्याची व वापराची शेवटची तारीख, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह छापावे. 'धिंगरी अळिंबीयुक्त' हे शब्द ठळक हवेत, कारण काहींना अळिंबी सोसत नाही.

रानातली छत्री पातेल्यात नको

हे सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या पावसानंतर वारुळावर येणारी अळंबी आपले आजे-पणजे खात आले. ज्यांना ओळखता येते ते आजही खातात. पण नवशिक्या माणसाने मोबाईलमधले चित्र पाहून रानातली छत्री तोडणे म्हणजे विषाची परीक्षा. विषारी अमानिटा जातीची छत्री दिसायला स्वच्छ पांढरी असू शकते. शिजवल्याने, वाळवल्याने तिचे विष जात नाही. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण रंग बदलते या परीक्षा खोट्या आहेत. त्रास सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो. उलट्या-जुलाब होतात, मध्ये बरे वाटते आणि तोवर यकृत निकामी होत आलेले असते. असा संशय आला तर घरगुती उपाय न करता ताबडतोब सरकारी दवाखाना गाठावा आणि उरलेली अळंबी सोबत न्यावी.

गमीत किंवा पुडीत रानातली अळंबी मुळीच घालू नये, कारण एकदा पूड झाली की ती कशाची हे ओळखता येत नाही. २०२४ साली अमेरिकेत अळिंबीच्या नावाने विकलेली चॉकलेटे व गमी खाऊन लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि उत्पादकाला माल बाजारातून परत घ्यावा लागला. एवढ्या कडक कायद्यांच्या देशात हे घडते, तर आपण किती जपले पाहिजे!

'माल आम्हीच परत घेऊ' म्हणणारे

दुसरा धोका खिशाला आहे. औषधी अळिंबीचे किट घ्या, तयार माल आम्ही चढ्या भावाने विकत घेऊ, असे सांगणारे लोक गावोगाव सभा घेतात. सगळेच लबाड असतात असे नाही. पण पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. करार स्टॅम्प पेपरवर आहे काय? माल नाकारायचा तर कोणत्या कसोटीवर, हे त्यात लिहिले आहे काय? आधी ज्यांचा माल घेतला अशा तीन शेतकऱ्यांची गावे सांगता काय? आणि तुम्ही उद्या नाही घेतलात तर हा माल मला दुसरीकडे विकता येईल काय? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले तर हात जोडून मोकळे व्हा. धिंगरी निदान घरात खाता येते, शेजारी देता येते. न विकलेले गॅनोडर्मा घरात काय करणार?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती आहे की, समाजमंदिरात अशी सभा घेऊ देण्याआधी त्या संस्थेची नोंदणीची कागदपत्रे पाहावीत आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवावे. पावसाळ्याच्या ग्रामसभेत रानातल्या अळंबीबद्दल दोन मिनिटे सूचना द्यावी. ज्या गावांत चार-पाच गट वाळवण करू इच्छितात तेथे प्रत्येकीने वेगळा ड्रायर घेण्याऐवजी एक सामाईक ड्रायर ठेवणे परवडते. त्यासाठी कोणती योजना चालू आहे हे तालुका कृषी कार्यालयात आणि 'उमेद'च्या कक्षात विचारावे.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या हंगामात दहा पिशव्यांपलीकडे जाऊ नका. दहा पिशव्यांना दहा किलो पेंढा आणि ६०० ग्रॅम स्पॉन लागते. पाच-सहा किलो ताजी धिंगरी मिळेल. निम्मी घरी आणि शेजारी खा, निम्मी वाळवा. वाळवण महिनाभर बरणीत ठेवून पाहा. नरम पडली, वास आला, तर वाळवण सुधारा. ती जमली की वड्यांची एक खेप करा, दहा जणांना चाखायला द्या आणि खर्च वहीत लिहा. त्यात सरपण आणि स्वतःची मजुरीही धरा, नाहीतर नफा दिसतो पण हाती लागत नाही. स्पॉन पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे आणि शक्य तर तिथले प्रशिक्षण आधी करावे. वापरून झालेला पेंढा गांडूळखतात जातो, म्हणजे तोही शेतालाच परत.

हे सगळे जमले तरच मोठ्या ऑर्डरीच्या मागे लागा. वडी गोड आहे, वाळवण खडखडीत आहे आणि पाकिटावर लिहिले आहे तेच आत आहे, एवढे जपले तर पुण्याचे गिऱ्हाईक पुढच्या रविवारी पुन्हा तुमच्याच टोपलीपाशी थांबेल.